खांदा : वाटेवर पडलेल्या माणसाच्या सेवेचा इतिहास



आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. विण्याची परंपरा, मुक्कामाची गावं, अन्नदाते, चालीची शिस्त यांवर या स्मरणिकेत जाणती मंडळी लिहितीलच. समितीनं आमच्याकडं निराळा विषय दिला. रस्त्यावर पडलेल्या माणसाला उचलायची जी सेवा आपल्या दिंडीत चालत आली, तिची हकीकत लिहा म्हणाले. आमचं शिक्षण चौथीपर्यंत. आयुष्यभर नांगर धरला आणि टाळ धरला, लेखणी कधीमधीच. तरी थोरल्यांच्या तोंडून जे ऐकलं, डोळ्यांनी जे पाहिलं आणि कोठीतल्या वह्यांत जे लिहून ठेवलंय, ते क्रमानं मांडतो.

आपल्या बोलीत 'खांदा देणं' म्हटलं की तिरडीच आठवते. मेल्यावर खांदा द्यायला सगळं गाव धावतं, बोलवावं लागत नाही. जिवंत माणूस रस्त्यावर तळमळत असताना मात्र तेच गाव चार पावलं मागं सरकतं. असं का होतं, आणि आपल्या दिंडीनं ते मोडायचा प्रयत्न कसा केला, एवढाच हा इतिहास आहे.

संतांनी घालून दिलेली वाट

ही सेवा आपण नव्यानं काढली असं कुणी समजू नये. नाथमहाराजांची कथा आम्ही कीर्तनात कितीदा सांगितली असेल. काशीची कावड रामेश्वराला निघालेली, वाटेत तहानेनं गाढव तडफडत होतं, महाराजांनी कावडीतलं पाणी त्याला पाजलं. दुसरी कथा गोदावरीच्या वाळवंटातली. तापलेल्या वाळूत एक पोर चुकून रडत होतं. कोणत्या जातीचं, कुणाचं, हे न विचारता महाराजांनी ते उचलून कडेवर घेतलं. दोन्ही कथा रस्त्यावरच्याच आहेत. देवाकडं निघालेला माणूस मध्येच थांबला, आणि थांबला तिथंच त्याला देव भेटला. आम्ही कथा सांगतो, श्रोते माना डोलावतात, आरती होते. घरी जाताना रस्त्यात कुणी पडलेला दिसला तर काय करायचं, तिथं खरी परीक्षा आहे.

बाज आणि बैलगाडी

पालखी सोहळ्याची परंपरा फार जुनी. तुकोबारायांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ च्या सुमारास पादुका पालखीत घालून सोहळा सुरू केला. पुढं हैबतबाबा आरफळकरांनी माउलींच्या सोहळ्याला आजची शिस्त लावली. त्या मानानं आपली दिंडी लहान, शके १८४७ म्हणजे १९२५ सालची.

तेव्हा वाट मातीची. मोटारीखाली सापडायची भीती नव्हती. भीती पटकीची, उन्हाची, पुराची, विंचू-सापाची आणि उधळलेल्या बैलांची. थोरले सांगायचे, दिंडीबरोबर सामानाच्या बैलगाड्या असत, त्यात एका गाडीवर बाज उलटी बांधलेली असायची. माणूस आजारी पडला की बाज सुलटी करायची, त्याला वर निजवायचं, चौघांनी चार खूर खांद्यावर घ्यायचे आणि जवळच्या गावात वैद्याकडं किंवा धर्मशाळेत न्यायचं. मागं चार बदली गडी चालायचे. बाज हलू नये म्हणून चौघांची पावलं टाळाच्या ठेक्यावर पडायची. पावलीची सवय अशी उपयोगी यायची.

दिंडीचा तेव्हाचा दंडक वहीत लिहिलेला आहे, तो असा की माणूस टाकून दिंडी पुढं जाणार नाही. गेलीच तर दोन माणसं त्याच्यापाशी ठेवून जाईल आणि त्या दोघांची वारी पुरी झाली असं धरलं जाईल. ही ओळ आम्हाला फार मोलाची वाटते. सेवेला थांबलेल्याला पंढरी चुकली असं आपल्या थोरल्यांनी मानलं नाही.

वाट डांबरी झाली

१ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला पहिली एसटी सुटली. मग हळूहळू गावोगाव गाडी आली, ट्रक आले, मोटारसायकली आल्या. दिंडीच्या बैलगाड्या गेल्या आणि सामानाला ट्रक आला. फलटणहून बरड, नातेपुते, माळशिरसकडं जाणारी आपली पालखीची वाट बाराही महिने वाहता रस्ता झाली. वारीचे दिवस सोडले तर त्या रस्त्यावर पायी चालणाऱ्याला जागा राहिली नाही.

अपघात वाढले तशी एक नवीच भीती वाढली. उचलायला जाल तर पोलीस तुम्हालाच धरतील, साक्षीला कोर्टात खेटे घालावे लागतील, दवाखान्याचं बिल तुमच्या गळ्यात पडेल, आणि माणूस गाडीत मेला तर आळ येईल. ही भीती अगदीच खोटी नव्हती. १९८० च्या आसपास आपल्याच दिंडीतला एक टाळकरी परतवारीला जाताना ट्रकच्या धक्क्यानं पडला. हात दाखवून कैक गाड्या थांबवायचा प्रयत्न केला, एक थांबली नाही. शेवटी भाजीच्या टेम्पोवाल्यानं भाजी उतरवून त्याला घेतलं. पहिल्या दवाखान्यात सांगितलं, ही पोलीस केस आहे, मोठ्या गावाला न्या. मोठं गाव यायच्या आत टाळकरी गेला. गळ्यातली माळ तशीच होती. टेम्पोवाल्यानं भाडं घेतलं नाही, नावही सांगितलं नाही. भीतीपोटीच सांगितलं नाही, असं तेव्हाचे लोक म्हणायचे.

असंच दुःख देशात ठिकठिकाणी होतं. एका स्कूटरवाल्याला मोटारीनं उडवलं, दवाखान्यानं पोलीस केस म्हणून घेतलं नाही, वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या दवाखान्यात पाठवलं, वाटेत तो गेला. ही बातमी वाचून परमानंद कटारा नावाच्या गृहस्थांनी सुप्रीम कोर्टात अर्ज केला. १९८९ साली कोर्टानं निकाल दिला की डॉक्टर सरकारी असो की खासगी, जखमी दारात आला की आधी जीव वाचवायचा, पोलिसांचे कागद मागाहून. निकाल झाला खरा, पण तो आपल्या खेड्यापर्यंत पोचायला फार वर्षं लागली.

जीपगाडीचा काळ

टाळकरी गेला त्याचं शल्य दिंडीत राहिलं. पुढं गावातल्या एका भाविकानं आपली जुनी जीपगाडी वारीच्या काळात दिंडीच्या मागं चालवायला दिली. मागची बाकडी काढली, सुताराकडून फळी करून घेतली, फळीला पट्टे लावले. तेच आपलं पहिलं अपघात पथक. सुरुवातीला ते वारीपुरतंच होतं. पण आषाढी करून दिंडी परत आली की रस्त्यावरचे अपघात थांबतात थोडेच! एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात फोन होता. अपघात झाला की हॉटेलवाला देवळात पोरगा पळवायचा, देवळातली घंटा वेगळ्या रीतीनं वाजायची आणि त्या पंधरवड्याची पाळी असलेले चार गडी जीपकडं धावायचे. पाळी एकादशी ते एकादशी. त्यात शेतकरी होते, एक शाळेचा शिपाई, एक न्हावी, एक गवंडी. पगार कुणालाच नव्हता. डिझेल दिंडीच्या भिशीतून आणि सुगीला गोळा केलेल्या धान्याच्या पैशातून.

सुरुवातीला गावातून विरोधही झाला. काही मंडळी म्हणाली, आपलं काम नामस्मरणाचं, रक्तामांसात हात घालायचं नव्हे. माळकऱ्यानं कुणाच्याही प्रेताला शिवायचं का, असाही प्रश्न आला. देवळात बैठक झाली. तेव्हाचे विणेकरी फारसं बोलणारे नव्हते. त्यांनी एवढंच विचारलं, तुमचा लेक तिथं पडला असता तर उचलणाऱ्याच्या गळ्यात माळ आहे का नाही हे बघितलं असतं का? बैठक तिथंच संपली.

या पथकाचे नियम अनुभवातून ठरत गेले. त्यातला एक सगळ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे. जखमीचं पाकीट, घड्याळ, बाईचे दागिने जे काही असेल ते दोन साक्षीदारांदेखत मोजायचं, वहीत लिहायचं, फडक्यात बांधून गाठ मारायची आणि दवाखान्यात किंवा नातेवाइकांच्या हाती देऊन सही घ्यायची. सेवा करणाऱ्यावर चोरीचा डाग येऊ नये म्हणून हा नियम. अशा तीन वह्या भरल्या आहेत. एका नोंदीपुढं लिहिलंय, 'मंगळसूत्र एक, तुटलेले, मणी अठरा.' मणीसुद्धा मोजले होते रस्त्यावरून वेचून. ते लिहिणारा गवंडी आज हयात नाही.

उसाच्या हंगामात पथकाला फार जाग्रण व्हायचं. रात्री ट्रॅक्टरमागं दोन दोन ट्रॉल्या, मागं दिवा नाही, लाल कापड नाही. मोटारसायकलवाला थेट उसात घुसायचा. ऊस आपला, ट्रॉली आपली आणि मरणारा पोरगाही आपलाच. म्हणून पथकानं कीर्तनात झोळी फिरवून पैसे जमवले आणि गावातल्या ट्रॉल्यांना मागं चमकणाऱ्या लाल पट्ट्या लावून दिल्या. उचलण्यापेक्षा पडूच न देणं ही मोठी सेवा.

आधी शिकायचं, मग उचलायचं

खांदा द्यायला ताकद लागते हे सगळ्यांना ठाऊक आहे. शिक्षणही लागतं, हे उशिरा कळतं. याबाबत गांधीजींची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १८९९ साली दक्षिण आफ्रिकेत इंग्रज आणि बोअर यांची लढाई लागली, तेव्हा गांधीजींनी तिथल्या हिंदी लोकांचं जखमी वाहणारं पथक उभं केलं. सुमारे ११०० माणसं होती. त्यातली बरीचशी करारावर नेलेले मजूर, म्हणजे आपल्यासारखीच राबणारी माणसं. कधी कधी दिवसाला वीस-पंचवीस मैल जखमींना झोळीवर घालून त्यांनी वाहिलं. पण त्याआधी बूथ नावाच्या डॉक्टरांकडून जखमींची शुश्रूषा कशी करायची ते गांधीजी आणि त्यांचे सोबती शिकले होते. नुसता उत्साह घेऊन गेले नव्हते.

आपल्या पथकातल्या गड्यांनीही नंतर रीतसर प्रशिक्षण घेतलं. डॉक्टरांनी जे शिकवलं ते आम्ही आमच्या भाषेत इथं देतो, कारण ही स्मरणिका घरोघर जाणार आहे.

पहिलं म्हणजे आपण स्वतः गाडीखाली जाऊ नये. आधी दोन्ही बाजूंची वाहतूक थांबवायची, रात्र असेल तर बॅटरी दाखवायची, मगच जखमीजवळ जायचं. दुसरं, एकशेआठला फोन करायचा आणि गावाचं नाव, जवळची खूण, किती जखमी हे नीट सांगायचं. तिसरं, वाहतं रक्त स्वच्छ फडक्यानं घट्ट दाबून धरायचं. फडकं भिजलं तर काढायचं नाही, त्यावरच दुसरं ठेवून दाबायचं. हळद, माती, तंबाखू काही भरायचं नाही. चौथं, बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालायचं नाही. आपल्याकडं पडलेल्याला पाणी पाजायची रीत आहे, भावना चांगली आहे, पण बेशुद्ध माणसाचं ते पाणी श्वासनळीत जातं. पाचवं आणि सर्वांत महत्त्वाचं, मान. माणसाला बखोटीला धरून ओढायचं नाही, बसतं करायचं नाही. आतला मणका मोडलेला असला तर त्या ओढण्यानं हातपाय जन्माचे जातात. गाडी पेटली किंवा तसाच दुसरा धोका असला तरच हलवायचं. हलवायचं झालं तर एकानं डोकं आणि मान दोन्ही हातांनी सरळ धरायची, तिघांनी अंगाला हात लावायचा आणि डोक्यापाशी असलेल्यानं सांगितलं की एकदम, लाकडाचा ओंडका वळवावा तसं, वळवून फळीवर घ्यायचं. इथं पखवाजी आणि टाळकरी बरे. एका मात्रेवर चार हात उचलायची सवय त्यांना असतेच.

डॉक्टर लोक पहिल्या तासाला सोन्याचा तास म्हणतात. अपघातापासून तासाभरात नीट उपचार मिळाले तर पुष्कळ जीव वाचतात. आपल्याकडं घटकेचं महत्त्व मुहूर्ताला मानतात, खरं तर ते इथं मानलं पाहिजे.

एकशेआठ आणि नवा कायदा

२०१४ सालच्या जानेवारीत महाराष्ट्रात एकशेआठची सेवा सुरू झाली. राज्यभर ९३७ गाड्या, प्रत्येक गाडीत डॉक्टर, फोनला पैसे नाहीत, उपचाराला नेण्याला पैसे नाहीत. आता वारीतही पालखीबरोबर या गाड्या आणि सरकारी आरोग्य पथकं असतात. ही गाडी आली तेव्हा काहींना वाटलं, आता आपल्या पथकाचं काम संपलं, जीप विकून टाकू. पण गाडी यायला लागतात ती वीस-पंचवीस मिनिटं रक्त कोण दाबून धरणार? गर्दी कोण हटवणार? गाडीला रस्त्यावर उभं राहून हात कोण दाखवणार? एकशेआठ आल्यानं पथकाचं वाहून न्यायचं काम कमी झालं, पण गाडी येईपर्यंतचं काम उरलं, आणि तेच जीव राखायचं काम आहे.

कायद्याची भीतीही आता कारण म्हणून सांगता येत नाही. ३० मार्च २०१६ ला सुप्रीम कोर्टानं मदत करणाऱ्याच्या रक्षणाचे नियम देशभर बंधनकारक केले. पुढं २०१९ साली मोटार वाहन कायद्यातच १३४-अ हे कलम घातलं गेलं. चांगल्या मनानं मदत करताना जखमीला काही झालं तरी मदत करणाऱ्यावर खटला चालत नाही. पोलीस तुम्हाला नाव-पत्ता सांगायची सक्ती करू शकत नाहीत. साक्षीदार व्हायचं की नाही, हे तुमच्या मर्जीवर. दवाखाना तुम्हाला अडवून ठेवू शकत नाही, तुमच्याकडं पैसे मागू शकत नाही. मे २०२५ पासून अपघातातल्या जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख न भरता मिळण्याची योजनाही आली आहे. हे सगळं आम्ही कीर्तनात सांगतो. कुणी म्हणतं, महाराज, कीर्तनात कायदा कशाला? आम्ही म्हणतो, भीती घालवणं हे कीर्तनाचंच काम आहे.

दिंडीवर आलेले घाले

शंभर वर्षांचा इतिहास लिहिताना दोन दिवस वगळता येत नाहीत. १९ नोव्हेंबर २०१९ ला नामदेवमहाराजांचा सोहळा आळंदीकडं जात असताना दिवे घाटात ब्रेक निकामी झालेलं जेसीबी यंत्र दिंडीत घुसलं. नामदेवमहाराजांच्या वंशातले एक महाराज आणि एक वारकरी जागीच गेले, कितीतरी जखमी झाले. मग ३१ ऑक्टोबर २०२२ ला कार्तिकीला निघालेल्या, करवीर तालुक्यातल्या जठारवाडीच्या दिंडीत सांगोल्याजवळ जुनोनीला संध्याकाळी मोटार घुसली, सात वारकरी गेले. या दिंड्या आपल्या नव्हत्या असं म्हणायची सोय वारकऱ्याला नाही.

त्या २०२२ सालातच देशभरात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, महाराष्ट्रात पंधरा हजारांवर. आकडा वाचून डोक्यात शिरत नाही. म्हणून आम्ही असं सांगतो की, आपल्या दिंडीत चारशे माणसं चालतात. रोज सकाळी अशी एक दिंडी निघते आणि संध्याकाळी तिच्यातलं कुणीच घरी येत नाही. हे वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस चालतं, आणि तरी त्या आकड्याची बेरीज पुरी होत नाही.

त्यानंतर आपल्या दिंडीनं ठराव केले. दिवस मावळल्यावर रस्त्यानं चालायचं नाही. पहाटे निघताना पुढच्या आणि मागच्या माणसाच्या अंगात चमकणारं जाकीट, हातात बॅटरी. घाटात सगळ्यांनी एका कडेनं. मागं राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांबरोबर पथकाचे दोघे कायम. पालखी मार्ग आता चौपदरी होतोय. रस्ता रुंद झाला की गाड्यांचा वेगही वाढणार, हे लक्षात ठेवूनच चाललं पाहिजे.

पुढल्या शंभर वर्षांसाठी

पथकातले जुने गडी आता थकले. आमचेही गुडघे बोलायला लागले. नव्या पोरांच्या हातात मोबाइल आहे, आणि अपघात झाला की आधी तोच बाहेर निघतो. मोबाइल काढायला हरकत नाही. एकशेआठ लावायला काढा, चित्र घ्यायला नको. पडलेल्या माणसाची लाज ही आपली लाज आहे.

समितीला आम्ही विनंती केली आणि तिनं ती मानली. शताब्दीच्या वर्षापासून दिंडीत नाव नोंदवणाऱ्या प्रत्येक गावानं किमान चार माणसं प्रशिक्षणाला द्यायची, त्यात दोन बाया असल्याच पाहिजेत. जखमी बाई असली की बापय गडी संकोचतात आणि त्यात वेळ जातो, हे वहीतल्या नोंदींवरून दिसतं. प्रशिक्षण वद्य एकादशीला देवळात, हरिपाठाच्या आधी. डॉक्टर येणार आहेत. फळी, पट्टे, फडकी कोठीत ठेवली आहेत, किल्ली विणेकऱ्यांकडं आणि शाळेच्या शिपायाच्या लेकाकडं. चौथी वही आणून ठेवली आहे, पहिलं पान कोरं आहे.

ते कोरंच राहो अशी पांडुरंगाला प्रार्थना आहे. पण तसं होणार नाही हे आपण जाणतो. म्हणून माउली, तिरडीला खांदा द्यायला याल तेव्हा याल, त्याआधी फळीला द्यायला या.

रामकृष्ण हरी.